कोरी खिडकी

१

टपालवाले काका मंगळवारी सकाळी आठ वाजता डायलिसिस विभागातल्या तिसऱ्या खुर्चीत बसले, आणि तिथून त्यांना उचलूनच न्यावं लागलं. अर्ध्या तासात नऊच्या नऊ रुग्णांना हुडहुडी भरली. आठ वाचले. काका संध्याकाळच्या आत गेले. बत्तीस वर्षं लोकांच्या दारात पत्रं टाकलेला माणूस, स्वच्छ पाणी मिळेल एवढ्या भरवशावर आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीत येऊन बसायचा.

कारण दुपारपर्यंत सापडलं. पाणी गाळणारी गाळणी फाटली होती आणि जंतूंचं विष पाण्यात उतरलं होतं. आता गाळणी म्हटली की कधीतरी फाटणारच, ते सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर नळाशेजारी एक यंत्र बसवलं होतं. दवाखान्यातले सगळे त्याला पहारेकरी म्हणत. पाण्यात विषाचा अंश दिसला की भोंगा वाजवायचा आणि पाणी तोडायचं, एवढंच त्याचं काम. मंगळवारी माणसं थरथरत होती आणि पहारेकऱ्याच्या पडद्यावर शून्य होतं.

शुक्रवारी सकाळी भिंगबाईने दुकान उघडलं तर पायरीवर तिची वहिनी बसलेली.

भिंगबाई म्हणजे सूक्ष्मदर्शक, दुर्बिणी, चष्मे तपासायची यंत्रं, असलं काचेचं सगळं दुरुस्त करणारी. गळ्यात कायम भिंग लोंबकळायचं म्हणून ते नाव पडलं. गावातल्या झाडून सगळ्या दवाखान्यांत तिचं येणंजाणं. आणि वहिनी म्हणजे तिच्या वारलेल्या भावाची बायको, पहारेकरी बनवणाऱ्या कारखान्यात वीस वर्षं काचांना लेप देणारी. दोघींचं चार वर्षं बोलणं नव्हतं. भाऊ गेला त्या आठवड्यात भिंगबाईच्या तोंडून निघून गेलं होतं, "तुझं लक्ष कायम त्या काचांत, माझ्या भावाकडे कुठे होतं?" वहिनीने त्यावर उलट शब्द काढला नव्हता. तेच भिंगबाईला जास्त लागलं होतं.

"वाच," म्हणून वहिनीने एक कागद पुढे केला.

कारखान्याच्या कागदावर वहिनीच्या नावाने टाईप केलेलं निवेदन होतं. *माझी दृष्टी अधू असताना मी काचांना सदोष लेप दिला. झालेल्या प्रकाराची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.* खाली सहीची जागा.

"आज चार वाजता दवाखान्यात चौकशी आहे. तिथे सही करायची. डॉक्टर म्हणाले, सही केली तर ते वकील देतील. नाहीतर सरळ पोलिसांत." हे डॉक्टर म्हणजे कारखान्याचे मालक, पहारेकऱ्याचा शोध त्यांच्या नावावर. "सोबत जाणकार एक माणूस आणता येतो. मला दुसरं कोण आहे?"

"तू केलंस का हे?"

"काचेच्या डबीवरच्या चिठ्ठीवर सही माझी आहे."

"मी सहीचं विचारलं नाही, वहिनी."

वहिनीने डोळ्यावरचा चष्मा सारखा केला. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते, काळा चष्मा होता. "रजेवर जायच्या आधी मला काचेची कड दुहेरी दिसायची. तरी शेवटच्या दिवसांत साठ काचा पुऱ्या केल्या. वर दोन पानं चिठ्ठ्या कोऱ्याच सही करून ठेवल्या, डॉक्टर म्हणाले म्हणून. त्या साठांतली एखादी चुकली असेल. माझ्याच हातून झालं असेल गं."

भिंगबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर ते तिचं तिलाही कळेना: त्या कागदावर, डॉक्टरवर, की 'असेल' म्हणत फासावर चढायला निघालेल्या ह्या बाईवर.

"असेल म्हणजे काय? भाजीत मीठ जास्त झालं असेल, तसं असेल?" तिने दुकानाला कुलूप घातलं. "चार वाजायला सहा तास आहेत. मी सांगेपर्यंत पेनाला हात लावायचा नाही."

२

डायलिसिस विभागात पहारेकऱ्याची देखभाल करायचा त्याला झिरोभाऊ म्हणत. दर तासाला पडदा बघायचा आणि "झिरो आहे, झिरो" असं ओरडून सांगायचा, म्हणून. आज तो एका कोपऱ्यात स्टुलावर बसला होता आणि कुणाच्याही नजरेला नजर देत नव्हता.

"सकाळची चाचणी चुकवली होतीस का?" भिंगबाईने विचारलं.

"आईशप्पथ नाही, बाई. रोज साडेसातला कुपी सोडतो. मोजून घेतलेलं विष असतं त्यात, थेंबभर. पहारेकरी ओरडतो, मी बटण दाबून गप्प करतो, मगच पेशंट बसवतात. मंगळवारीही ओरडला. सिस्टरनी ऐकलंय."

सिस्टरनेही मान डोलावली. म्हणजे साडेसातला घसा फाटेस्तोवर ओरडणारा पहारेकरी साडेआठला मुका झाला. भिंगबाईने यंत्राचं झाकण काढलं.

आत काय असतं ते सांगायला हवं. नखाएवढी एक काच, तिच्यावर सोन्याचा पातळ थर. कामगार तिला सोनकाच म्हणतात. सोन्यावर प्रथिनांचा लेप, आणि ह्या लेपाला विष तेवढं चिकटतं. खालून प्रकाशाची तिरीप मारायची. विष चिकटलं की परतणाऱ्या तिरपेचा कोन किंचित सरकतो आणि भोंगा वाजतो. पण पाणी नुसतं कोमट झालं तरी कोन सरकतो. म्हणून काचेवर शेजारी शेजारी दोन खिडक्या असतात, एक लेपाची, एक कोरी. पाणी तापलं तर दोन्ही सारख्या सरकतात. विष आलं तर लेपाची एकटीच सरकते. यंत्र पहिलीतून दुसरी वजा करतं आणि उरलेला आकडा पडद्यावर दाखवतं.

"तुझी कुपी कुठून जाते?"

"ह्या बारीक नळीतून. एक थेंब तो, दोन खिडक्यांना कसा पुरणार? पहिल्याच खिडकीवर जातो. नळाचं पाणी मात्र दोन्हींवरून."

"वजाबाकीच्या आधीच्या रेघा दाखव."

झिरोभाऊ बावरला. "त्या कुणी बघत नाही."

"तेच तर दुखणं आहे. दाखव."

यंत्राच्या पोटात त्या होत्या. मंगळवार. आठ वाजेपर्यंत दोन्ही रेघा आडव्या. आठ वाजून चार मिनिटांनी पहिली वर निघाली. आणि दुसरी, जी कोरी, जिला विषाशी काही देणंघेणं नसायला हवं, तीही तिच्या बरोबरीने वर निघाली, थेट टोकापर्यंत. वरच्यातून वरची वजा केली की काय उरणार? झिरो.

झिरोभाऊने डोक्याला हात लावला. "म्हणजे विष त्याला दिसत होतं."

"सगळं दिसत होतं. कोरी खिडकी कोरी नव्हती. तिच्यावरही लेप होता."

तिने बाहेर येऊन वहिनीला फोन लावला. "एक खिडकी कोरी कशी ठेवतेस तू?"

"टोपण घालते. ड्रॉपरच्या रबरातून कापलेलं, चण्याएवढं. दुसऱ्या खिडकीवर दाबून बसवायचं, मग काच पूर्ण द्रावणात बुडवायची. वाळली की टोपण काढायचं."

"आणि टोपण घालायचंच राहिलं तर?"

"तर दोन्ही खिडक्यांना लेप बसेल. मंगळवारी तसं झालं होतं का? मग मीच विसरले असणार. दिसतच नव्हतं गं मला नीट."

घ्या. खरं शोधायला निघाली, आणि सापडलेल्या पहिल्याच खऱ्याने वहिनीच्या गळ्यातला फास आवळला. भिंगबाईने फोन बंद केला आणि भिंतीवर मूठ आपटली. मूठ दुखली, भिंतीला काय होतंय.

३

ती काच दवाखान्याच्या अधीक्षकबाईंच्या ताब्यात होती, पारदर्शक पिशवीत, पिशवीला लाखेचं सील. अधीक्षकबाई मोजकं बोलायच्या आणि बोलताना समोरच्याचा वेळ वाया घालवल्यासारखं तोंड करायच्या. पण मंगळवारपासून त्या टपालवाल्या काकांच्या खुर्चीपाशी रोज जाऊन उभ्या राहतात, असं सिस्टर म्हणाली होती.

"पिशवी उघडणार नाही."

"उघडू नका. खिडकीपाशी धरू द्या फक्त."

भिंगबाईने भिंग डोळ्याला लावलं. सोनं ठीक. कडा ठीक. चिठ्ठीवर वहिनीची सही. ती पुन्हा पुन्हा फिरवून बघत राहिली, अधीक्षकबाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. आणि मग उजेड तिरपा पडला तशी तिला ती खूण दिसली.

पहारेकऱ्यात काच बसवली की वरून रबरी कडी आवळतात. पाणी गळू नये म्हणून. कडीचा दाब सोन्यावर कायमचा उमटतो, गोल. एका आठवड्याने काच काढतात, संसर्गाच्या कचऱ्यात टाकतात, ती जळून जाते. म्हणजे कुठल्याही काचेवर एकच गोल असणार. ह्या काचेवर दोन होते. केसभर सरकलेले, एकावर एक.

"अधीक्षकबाई, ही काच तुमच्या यंत्रात कधी बसवली?"

"सोमवारी. नवी कोरी डबी फोडून. नोंद आहे."

"नोंद खरी आहे. काच नवी नाही. ती आधी एकदा यंत्रात बसून, आठवडाभर काम करून बाहेर आलेली आहे. कुणीतरी तिला धुऊन पुन्हा लेप दिलाय."

अधीक्षकबाईंनी पिशवी स्वतः हातात घेतली, भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "कचऱ्यातली काच. माझ्या पेशंटच्या पाण्यावर."

"वहिनी नव्या काचांवर लेप देते. वापरलेली काच तिच्यापर्यंत येतच नाही. ती तुमच्या दवाखान्यातून कोण बाहेर नेतं?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं. दर सोमवारी कारखान्याचा जोडारी काच बदलायला येत असे.

४

जोडारी कारखान्याच्या फाटकाबाहेर गाडीत बसून डबा खात होता. भिंगबाईला बघून त्याने डबा झाकला. चांगला कारागीर, मनाने सरळ. वहिनीला मावशी म्हणायचा.

"वापरलेल्या काचा कुठे टाकतोस?"

"कचऱ्याच्या पेटीत. नियमच आहे तो."

"नियम मलाही पाठ आहे. मी तुझं विचारतेय."

भिंगबाई गाडीचं दार उघडून शेजारी जाऊन बसली. "हे बघ. तुझी मावशी चार वाजता लिहून देणार आहे की माणूस मी मारला. तुझ्या डब्यातला घास घशाखाली उतरत असेल तर जेव बापडा, मी थांबते."

त्याने डबा डॅशबोर्डवर ठेवला. "चार आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, वापरलेल्या काचा परत आण, संशोधनाला हव्यात. मी आणून डॉक्टरांच्या गाडीत ठेवायचो. मावशी रजेवर. साठ काचा संपल्या. नव्या सोनकाचा बंदरात अडकलेल्या, परवा आल्या. आणि पुढच्या महिन्यात मोठी मागणी पक्की व्हायची, त्यात साठा संपला म्हणायची सोय नव्हती. सोमवारी मला डबी मिळाली, वर मावशींची सही. मी म्हटलं, असतील मागे राहिलेल्या."

"म्हटलंस की मनाला म्हणायला लावलंस?"

तो गाडीच्या किल्लीशी चाळा करायला लागला.

"लेप कुणी दिला? तू?"

"मी?" त्याला पहिल्यांदाच राग आला. "लेपाचं द्रावण थंड कपाटात असतं, किल्ल्या दोनच, मावशीकडे आणि डॉक्टरांकडे. आणि मी सहा महिने मावशीच्या शेजारी बसलोय, बाई. टोपण न घालता काच बुडवली असती तर त्यांनी माझी बोटं मोडली असती. झोपेतसुद्धा आधी टोपण घालीन मी."

"हे चार वाजता सांगशील?"

"माझ्या दोन पोरी शिकतायत." तो कसाबसा म्हणाला. "मला ह्यात नका ओढू. मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही."

त्याने गाडी सुरू केली. भिंगबाईला उतरावंच लागलं. अडीच वाजले होते आणि तिच्या हातात काय होतं? एक गोल जास्तीचा, आणि एका भेकडाचं न बोललेलं बोलणं. डॉक्टर म्हणणार, जोडाऱ्याने केलं. जोडारी म्हणणार, मला माहीत नाही. आणि सही मात्र वहिनीची.

ती रस्त्याच्या कडेला उभी राहून मनातल्या मनात सगळं पुन्हा उलगडत होती. टोपण न घालता बुडवली. वहिनी ते करणार नाही. जोडारी करणार नाही. मग असा कोण, ज्याला काच बुडवता येते पण टोपण माहीत नाही?

तिने फोन लावला. "वहिनी, डॉक्टरांनी तुला टोपण घालताना कधी बघितलंय?"

"लेपाच्या खोलीत? दहा वर्षांत पाय ठेवला नाही त्यांनी. झगा घालावा लागतो, हात कोपरापर्यंत धुवावे लागतात. कुणी सांगितलंय."

"पण पद्धत तर त्यांनीच लिहिली ना?"

"तो कागद वीस वर्षांचा. तेव्हा काचेला खिडकी एकच होती, नुसती बुडवायची. मग उन्हाळ्यात पाणी तापलं की भोंगा उगाच वाजायला लागला. मी म्हटलं, शेजारी एक कोरी ठेवू, तापल्या तर दोघी तापतील, वजा करून टाकू. जोडाऱ्याने जुळवणी केली. टोपण मीच कापलं. कागद कुणी बदललाच नाही."

"आणि त्या दोन खिडक्यांच्या शोधाला बक्षीस मिळालं होतं ना, ते?"

"ते डॉक्टरांना मिळालं," वहिनी साधेपणाने म्हणाली. "चांगलं भाषण केलं त्यांनी."

भिंगबाईला त्या क्षणी रस्त्यावरचा दगड उचलून कुठेतरी मारावासा वाटला. त्याऐवजी तिने सांगितलं, "येताना तुझी टोपणं घेऊन ये. कुणाला दाखवू नकोस. आणि लेपाचं द्रावण आण, दोन नव्या काचा आण. मी अधीक्षकबाईंशी बोलते."

५

चार वाजता बैठकीच्या खोलीत पहारेकरी टेबलावर मांडलेला होता. अधीक्षकबाई मधे. एका बाजूला डॉक्टर, कडक इस्त्रीचा सदरा, आवाज मऊ. त्यांच्या मागे भिंतीला टेकून जोडारी. दुसऱ्या बाजूला वहिनी आणि भिंगबाई. निवेदनाचा कागद वहिनीसमोर, त्यावर पेन.

"फार वाईट झालं," डॉक्टर म्हणाले. "वीस वर्षांची जुनी बाई. पण डोळे गेल्यावर माणसाने हे काम करू नये. पद्धत सोडून मनाने काहीतरी केलं असणार. ही पद्धत मी स्वतः लिहिलीय, ओळ न् ओळ. ती पाळली असती तर आज काका आपल्यात असते."

वहिनीचा हात पेनाकडे गेला. भिंगबाईने तो टेबलाखाली धरून ठेवला.

"डॉक्टर, आम्हाला कागदातलं काय कळणार," ती म्हणाली. "तुम्ही करून दाखवाल का एक काच? तुमच्या पद्धतीने. एक वहिनी करेल, तिच्या सवयीने. लेप अर्ध्या तासात धरतो. म्हणजे ह्यांना कळेल, बाईचं कुठे चुकलं."

डॉक्टर हसले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतरायचा मान मिळाला की तो असाच हसतो. "अवश्य."

त्यांनी बाह्या सरसावल्या. नवी काच चिमट्यात धरली आणि द्रावणात पूर्ण बुडवली. "बघा. पूर्ण बुडवावी, एकवीस मिनिटं, हलवू नये."

वहिनीने बटव्यातून काळं रबरी टोपण काढलं, बोटाने चाचपून दुसऱ्या खिडकीवर बसवलं आणि मग काच बुडवली.

"हे काय?" डॉक्टरांचा आवाज चढला. "अधीक्षकबाई, नोंद करून घ्या. हे रबर माझ्या पद्धतीत कुठेही नाही. मी हे आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. पाहिलंत, कशी मनमानी चालते?"

"करून घेतली," अधीक्षकबाई म्हणाल्या, आणि खरोखरच लिहून घेतलं.

अर्धा तास गेला. आधी डॉक्टरांची काच बसवली. झिरोभाऊने कुपी सोडली, भोंगा वाजला. डॉक्टर खुर्चीत रेलले. मग भिंगबाईने नळाकडच्या मोठ्या नळीचं तोंड विष कालवलेल्या पाण्याच्या बाटलीत सोडलं. मंगळवारी होतं तेवढंच विष. पाणी दोन्ही खिडक्यांवरून वाहायला लागलं. एक मिनिट. तीन. पाच.

"झिरो आहे," झिरोभाऊ म्हणाला.

काच बदलली, वहिनीची घातली. तीच बाटली. चाळीस सेकंदांत पहारेकरी असा किंचाळला की बाहेरून दोन वॉर्डबॉय धावत आले.

डॉक्टर बसल्या जागी पांढरे पडले होते.

"मंगळवारच्या काचेच्या दोन्ही खिडक्यांना लेप होता," भिंगबाई म्हणाली. ओरडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण आवाज तिचं ऐकत नव्हता. "यंत्राच्या पोटातल्या रेघा सांगतात. म्हणून सकाळची कुपी ओरडली, ती एकाच खिडकीवर जाते, आणि नळाचं पाणी मात्र गपचूप गेलं. त्याच काचेवर कडीचे दोन गोल आहेत, म्हणजे ती कचऱ्यातून परत आणलेली. वहिनी तेव्हा डोळ्यावर पट्टी बांधून घरी पडली होती, चिठ्ठ्यांवरच्या सह्या डॉक्टरांनी आधीच कोऱ्या घेऊन ठेवल्या होत्या, आणि ती टोपण घातल्याशिवाय बुडवत नाही. द्रावणाची दुसरी किल्ली ह्यांच्याकडे. आणि टोपण आयुष्यात बघितलं नाही असं आत्ता ह्यांनीच लिहून घ्यायला सांगितलंय. ज्या दोन खिडक्यांसाठी गळ्यात हार घालून घेतले, त्यातली एक कोरी राहते कशी, हे ह्या माणसाला माहीत नाही."

"जोडाऱ्याने केलं असेल," डॉक्टर पटकन म्हणाले. "तोच काचा परत आणायचा."

आणि तिथे त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. भिंतीला टेकलेला जोडारी सरळ झाला.

"परत आणायचो हे ह्यांना कुणी सांगितलं, विचारा," तो म्हणाला. "मी सांगतो. ह्यांनीच आणायला लावलं. गेल्या रविवारी ह्यांच्या गाडीतून लेपाच्या खोलीपर्यंत पेटी मी उचलून नेली. दारातच ठेवायला सांगितली. मावशी, मला आधी बोलायला हवं होतं."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं नाही. ती डॉक्टरांकडे बघत होती.

६

पोलीस यायला वेळ होता. अधीक्षकबाईंनी दाराशी माणूस उभा केला. भिंगबाईला वाटलं, वहिनी आता रडेल, निदान कागद फाडेल. वहिनीने कागद नुसता बाजूला सारला, टेबलावरचा पसारा सारावा तसा.

"पेटीत किती काचा होत्या?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी सरसावलेल्या बाह्या खाली ओढल्या.

"मी विचारतेय. चार आठवड्यांच्या काचा. इथे एकच बसली. बाकीच्या पार्सलने कुठे गेल्या? माझी सही आहे प्रत्येक डबीवर."

"मला वकिलाशी बोलल्याशिवाय..."

वहिनी उठली. वीस वर्षं ज्यांच्यासमोर ती मान वर करूनसुद्धा बोलली नव्हती, त्यांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. "आत्ता कुठेतरी माणसं खुर्चीत बसलीयत, पडद्यावर झिरो बघून. बोला. नाहीतर ह्या बाटलीतलं पाणी पाजीन."

भिंगबाईने तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"चार दवाखाने," डॉक्टर पुटपुटले, आणि नावं सांगितली.

वहिनीने अधीक्षकबाईंचा फोन ओढून घेतला. पहिल्या दवाखान्याने लगेच डायलिसिस बंद केलं. दुसऱ्याचं कालपासूनच काही कारणाने बंद होतं. तिसऱ्याने वाद घातला, "सकाळची चाचणी झालीय, बाई, भोंगा वाजतो," तेव्हा वहिनी म्हणाली, "वाजतो म्हणूनच तुम्ही फसाल. मी लेपवाली बोलतेय. बंद करा, मग भांडा." चौथ्या ठिकाणी सहा जण आत्ताच खुर्च्यांत बसवले होते. तिथली सिस्टर एकेकाची सुई काढून सांगत गेली, आणि वहिनी फोन कानाला लावून उभी राहिली, सहावा सुटेपर्यंत. गाळणी तिथे शाबूत होती. कुणाला काही झालं नव्हतं.

तिने फोन खाली ठेवला तेव्हा भिंगबाई तिच्याजवळ गेली. चार वर्षांचं काहीतरी बोलायचं होतं, पण घशाशी आलं ते एवढंच: "वहिनी, चुकलं माझं."

"माहितीय," वहिनी म्हणाली. "ते घरी बोलू." मग ती अधीक्षकबाईंकडे वळली. "टपालवाल्या काकांच्या घरी कोण आहे?"

"बायको. आणि मुलगी."

"त्यांना काय सांगितलंय?"

अधीक्षकबाईंनी पहिल्यांदाच मान खाली घातली. "कारखान्याचं पत्र गेलंय. एका कामगार बाईची चूक, असं."

"मग खरं कुणीच सांगितलेलं नाही."

नाही, कुणीच सांगितलेलं नव्हतं.

वहिनीने नंबर विचारला, फोन काळ्या चष्म्याजवळ धरून एकेक आकडा दाबला, आणि तो डॉक्टरांपुढे केला. "घ्या. तुम्ही सांगा."

डॉक्टरांनी हात मागे घेतले. वहिनीने हात पुढेच ठेवला. दोनदा घंटी वाजली, मग तिकडून एका बाईचा थकलेला आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?"